औट घटकेची नाणी

साकोलीच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की जे गाव लागतं, तिथल्या धनीराम कापगतेकडे रोमच्या राजांची ब्राँझची नाणी आहेत, हे सांगितलं तर पाहुणे हसतात. गावातलेही आधी हसले होते. पण धनीरामने जवाहरनगरच्या फॅक्टरीत स्टोअरला नोकरी केली, तिथं कोणाच्या तरी संगतीने हा नाद लागला, आणि पुढे पुण्यातला पुतण्या अतुल लिलावांतून नाणी उचलून कुरिअरने पाठवू लागला. नाद माणसाला कशाचाही लागतो. कोणाला कोंबड्यांच्या झुंजीचा लागतो, ह्याला ह्याचा लागला.

त्यातही ह्याची तऱ्हा न्यारी. ज्यांनी वर्षानुवर्षं राज्य केलं, कमानी उभारल्या, मुलूख जिंकले, त्या राजांशी ह्याला काही देणंघेणं नव्हतं. ह्याला पाहिजेत औट घटकेचे राजे. तीन महिने पुरे व्हायच्या आत मारला गेलेला पर्टिनॅक्स. त्याच्या मागून आलेला ज्युलियानस; सैनिकांनी साम्राज्याचा लिलाव पुकारला आणि ह्या गृहस्थाने चढी बोली लावून ते विकत घेतलं, नि दोन-अडीच महिन्यांत जीव गमावून बसला. फ्लोरियन, क्विंटिलस, सगळे असेच, बसले न बसले तोच उठवलेले. स्टोअरच्या खिडकीतून धनीरामने इतके साहेब येताना-जाताना पाहिले होते, की टिकणाऱ्या माणसावरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

"राजा गादीवर बसला का पयलं काम काय करते?" तो पारावर विचारायचा, आणि उत्तराची वाट न पाहता सांगायचा, "आपल्या तोंडाचं नानं पाडते. घरात खायले दाना नसो, सैन्य बोंबलत असो, पन नानं पयले. काहून? कारन त्याले आतून मालूम असते, का उद्याचा भरोसा नाही."

नाणी एका लाकडी खोक्यात, प्रत्येकाला वेगळा खळगा, खाली बायकोच्या जुन्या ब्लाऊजपीसची मखमल. खोकं कपाटात, कपाटाची किल्ली करदोड्याला. किल्ली करदोड्याला का, तर बायकोच्या भीतीने. धुरपता भंडाऱ्याची. तिच्या माहेरी भांड्यांची फळी म्हणजे घराची अब्रू. पितळेवर काळा डाग दिसला की माणसं त्या घरात मुलगी द्यायला विचार करत. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी तिने ती हिरवी, कळकलेली नाणी पाहिली आणि चिंच भिजत घातली. धनीराम वेळेवर आला म्हणून बरं. नाण्यावरची हिरवी पोपडी म्हणजेच त्याचं वय, ती गेली की नाणं गेलं, हे त्याने हात जोडून सांगितलं होतं. धुरपताला ते आजतागायत पटलेलं नाही. घाण ती घाण, ती रोमची असो की गावाबाहेरच्या टोलीवरची.

आता गावाचं राजकारण. सरपंच चंदाबाई थेट लोकांतून निवडून आलेली, तिला हलवणं शक्य नव्हतं. राहिलं उपसरपंचपद. ते सदस्यांनी आपसांत वाटून घेतलं, प्रत्येकाला दहा-दहा महिने. भाऊहिश्शाचं शेत वाटावं तसं. गावदेवी मातामायपुढे नारळावर हात ठेवून शपथा झाल्या, की पाळी सरली की गुमान राजीनामा द्यायचा. ह्यात धनीरामचा वाटा शेवटून दुसरा आणि डोमा लांजेवारचा अगदी शेवटचा.

शेवटचा वाटा कोणालाच नको होता. निवडणूक डोक्यावर आली की त्या खुर्चीला कोण विचारतं? पण डोमाने तो मागून घेतला.

"मले अखेरचाच द्या," तो म्हणाला. "तवरक तृप्तीचं लगन येईन. पत्रिकेत माह्या नावाखाली 'उपसरपंच' लागलं पायजे. माह्या बानं जनमभर लोकायच्या बांध्यात धानाचा रोवना केला, त्याच्या नावाच्या मागं-पुढं कधी काही लागलं नाही. माह्याही नाही. पोरीच्या लगनात एकडाव लागू द्या."

सगळे हसले. धनीराम सगळ्यांत जास्त हसला, कारण डोमा त्याचा लंगोटीयार. नव्या तांदळाची पहिली पायली दरवर्षी डोमाच्या घरून धनीरामकडे यायची. धनीरामनेच नारळावर पहिला हात ठेवला आणि म्हणाला, "डोमा, माही पाळी सरली का खुर्ची तुही. चिंता कायले करतं?"

एकेक उपसरपंच आला आणि गेला. जो येई तो आधी बसस्टॉपवर स्वतःचा फ्लेक्स लावी: हात जोडलेले, गालावर नसलेली लाली, खाली शुभेच्छुक मित्रमंडळाची पोस्टकार्डाएवढी मुंडकी. एक पावसाळा गेला की चेहरा निळा पडे आणि पुढचा त्याच्यावरच आपला ठोके. धनीरामला करमणूक फुकटची. "हा आपला फ्लोरियन," तो म्हणे. "हा क्विंटिलस." आणि जाहीर करून टाकी, की माझ्या पाळीत फ्लेक्स लागणार नाही म्हणजे नाही.

पाळी आली. फ्लेक्स लागला नाही. धनीरामने नाल्या उपसून घेतल्या, बोअरवेलची मोटर दुरुस्त करवली, आणि आपण इतरांसारखे नाही ह्या आनंदात तो काही महिने गावातून फिरला. फक्त एक गोष्ट झाली. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला निवेदन करणाऱ्या तेजराम मास्तरांनी "आपल्या गावचे उपसरपंच" म्हणून आधीच्याच माणसाचं नाव घेतलं. मास्तरांचा दोष नव्हता. समोर बसस्टॉपवर त्याचा निळा चेहरा अजून टांगलेला होता. टाळ्या पडल्या, आणि ज्याचा कारभार चालू होता तो मागच्या रांगेत हात मागे बांधून उभा राहिला.

धनीराम घरी आला तो जेवलाच नाही. रात्रीपर्यंत त्याला एक विचार सुचला, आणि तो इतका उदात्त होता की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. शाळेतल्या गुणी मुलांना पदकं द्यायची. स्वतःच्या पेन्शनीतून. ब्राँझची. एका बाजूला शाळेचं नाव, आणि दुसऱ्या बाजूला, आता एक बाजू उरतेच म्हणून, उपसरपंचाचा चेहरा. बाजूने काढलेला. डोक्याभोवती धानाच्या लोंबीची माळ.

तो भंडाऱ्याला गेला. भैय्याजी म्हणून पितळेचं ओतकाम करणारा माणूस धुरपताच्या माहेरच्या ओळखीतला. त्याने फोटो पाहिला, धनीरामला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"भाऊजी, आमी देवाचे मुखवटे ओततो," भैय्याजी म्हणाला. "मानसाचं नाक पयल्यांदाच करून राहिलो."

आणि तसंच झालं. सव्वीस जानेवारीला पदकं यायची होती. जो नमुना आला त्यात धनीरामचे डोळे कानापर्यंत गेलेले आणि चेहऱ्यावर अशी काही कृपा, की धुरपताने सवयीने हात जोडले. तो परत पाठवला. दुसऱ्यांदा नाक आलं पण हनुवटी गेली. तिसऱ्यांदा सगळं जमलं, तोवर फेब्रुवारी सरत आला होता.

फेब्रुवारी सरला की धनीरामची पाळी सरत होती. त्याला ते ठाऊक होतं. डोमाला तर ठाऊक होतंच; तृप्तीचं लग्न एप्रिलात ठरलं होतं, सोयरे गोसीखुर्दकडचे, धरणात गाव गेल्यावर नव्या वसाहतीत बसलेले, माणसं मानी. पण पदकांची पोती घरी आली आणि उघडली, तर सगळी पदकं लखलखीत. धुरपता खूश. धनीरामचा चेहरा पडला. नव्या लोट्यासारखी चकाकणारी ती पदकं त्याच्या ज्युलियानसच्या शेजारी ठेवली की पोरकट दिसत. नाणं कसं पाहिजे? हिरवं. मुरलेलं. पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे की ह्या माणसाला जाऊन युगं लोटली, तरी तोंड आहे.

मग धनीराम कापगते, वय साठच्या पुढे, निवृत्त स्टोअरकीपर, सद्यस्थितीत उपसरपंच, ह्याने ती पोती मिठाच्या पाण्यात बुडवून परसातल्या उकिरड्यात पुरली. वरून शेण टाकलं. दीड-दोन महिन्यांत हिरवी होतील, एक मेच्या झेंडावंदनाला वाटू, आणि मग लगेच राजीनामा. वाटणारा मात्र उपसरपंचच असला पाहिजे, नाही तर पदकावरच्या चेहऱ्याला अर्थ काय? डोमाला दोन महिन्यांनी काय फरक पडतो, असंही त्याने स्वतःला विचारलं. काय फरक पडतो हे त्याला चांगलं माहीत होतं, म्हणून उत्तर दिलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात डोमा आला. हातात हळदीचं बोट लावलेली पत्रिका. पहिली मातामायला ठेवून दुसरी थेट इकडेच आणली होती. धनीरामने चष्मा लावला. "श्री. डोमाजी लांजेवार", आणि खाली, जाड टाइपात, "उपसरपंच". डोमा शेजारी बसून त्याच ओळीकडे पाहत होता. साकोलीच्या प्रेसवाल्याने सोनेरी शाई वेगळी लावली होती.

"छापून टाकलं?" धनीराम म्हणाला.

"टाकलं ना. तुहा शब्द होता. वाटूनही झाल्या अर्ध्या. सोयऱ्यायकडं पयलेच गेल्या."

धनीरामची नजर खाली घसरली. 'आपले विनीत' म्हणून नावांची उतरंड होती आणि सगळ्यांत वर, डोमाने मानाने घातलेलं, त्याचं नाव. "श्री. धनीरामजी कापगते, माजी उपसरपंच."

आता खरं सांगायचं तर तोवर धनीरामचं मन डळमळत होतं. ती सोनेरी ओळ पाहून त्याला वाटलंही होतं, की जाऊ दे, उद्याच देतो राजीनामा. पण 'माजी' हा शब्द त्याच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखा गेला. माणूस अजून खुर्चीवर, पदकं अजून उकिरड्यात, आणि हा बाबा माजी करून मोकळा.

"मी जित्ता हाव अजून," तो म्हणाला, "आन तू मले माजी करून टाकलं?"

"अरे पन लगनाच्या दिवशी तं राहशीन ना माजी," डोमा हसत म्हणाला. मग त्याला समोरचा चेहरा दिसला आणि त्याचं हसू जिरलं. "काहून? देत नाही का राजीनामा?"

"देतो ना. एक मे होऊ दे. पोट्ट्यायच्या पदकाचं काम अर्ध्यात हाये. मुलायचं नुकसान कायले करायचं?"

"लगन एप्रिलात हाये, धनीराम."

"कोन पाहते पत्रिकेत, गा? लोक जेवाले येते."

डोमाने उठताना पत्रिका तेवढी खाटेवर नीट सरळ करून ठेवली, जवळ पाण्याचा तांब्या होता तो बाजूला सारला. धुरपता दारात चहा घेऊन उभी होती. चहा तसाच परत गेला. त्या दिवशी तिने नवऱ्याला वरण वाढलं ते न बोलता, आणि ती जेव्हा बोलत नाही तेव्हा घरात भांडी फार वाजतात.

लग्नाच्या सकाळी धनीरामने उकिरडा उकरला. पोत्यातून एक पदक काढून धुतलं आणि त्याचा ऊर भरून आला. हिरवं, डागाडागांचं, खाचांत काळसर, मधूनच तांबडी झाक. नाक, हनुवटी, लोंबीची माळ, सगळं जणू मातीखालून वर आलेलं. त्याने ते खिशात टाकलं, आणि इस्त्रीचा सदरा घालून लग्नाला गेला. न जाऊन कसं चालेल, पत्रिकेत नाव होतं.

मांडव भरला होता. डोमाला कोणीतरी फेटा बांधून दिला होता, तो दर थोड्या वेळाने सरळ करत होता. माइक तेजराम मास्तरांकडे. मास्तरांपुढे पेच होता. पत्रिकेत उपसरपंच डोमा, पंचायतीत उपसरपंच धनीराम. मास्तरांनी शहाणपणा केला, नावच गाळलं.

"आता आपल्या गावचे उपसरपंच साहेब," ते माइकवर म्हणाले, "यांनी वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी मंचावर यावं, अशी मी त्यांना विनंती करतो."

धनीराम उठला. आणि मांडवाच्या दुसऱ्या टोकाला डोमाही उठला.

डोमाला बिचाऱ्याला वाटलं असावं, की धनीरामने ऐनवेळी मोठेपणा दाखवला, सकाळी राजीनामा टाकला आणि मास्तरांना सांगून ठेवलं. लंगोटीयार होता शेवटी. त्याच्या चेहऱ्यावर ते क्षणभर दिसलंसुद्धा. मग त्याने उभ्या असलेल्या धनीरामला पाहिलं. नवरदेवाचा बाप एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता, आणि मग त्याने खिशातून पत्रिका काढून उघडली.

अजून वेळ गेली नव्हती. धनीरामने खाली बसायचं होतं, बस. गुडघे वाकवायचे होते. त्याच्या हाताला खिशातलं पदक लागत होतं, आणि तो उभाच राहिला.

डोमा सावकाश चालत मास्तरांपाशी गेला आणि त्याने माइक हातात घेतला. त्याने आयुष्यात माइक पहिल्यांदाच धरला होता. फार जवळ धरल्यामुळे त्याचा श्वास आधी ऐकू आला.

"पावने मंडळी," तो म्हणाला, "उपसरपंच धनीरामभाऊच होय. पत्रिकेत माह्या नावाखाली लागलं, ते माही हौस होती. छापनाऱ्याची चूक नाही. माफी असावी." आणि थोडं थांबून, "या ना भाऊ. वर या."

धनीराम वर गेला. डोमाने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात हार घातला, शाल पांघरली, नारळ दिला. टाळ्या पडल्या. पंधरा ऑगस्टला हुकलेल्या टाळ्या त्याला अशा व्याजासकट मिळाल्या. तृप्तीने वाकून पाया पडताना वर पाहिलं नाही.

नवरदेवाचा बाप भला निघाला. "हौसेले मोल नसते, बावा," म्हणून त्याने विषय मिटवला. पण वऱ्हाडातल्या जवानांना जेवणभर चारा मिळाला. "उपसरपंच, इकडं वरन!" "ओ उपसरपंच, भाताचा गंज आना!" डोमा प्रत्येक हाकेला पातेलं उचलून जात होता. फेटा त्याने कधी काढून ठेवला कोण जाणे. धनीराम पहिल्या पंगतीत मानाच्या जागी बसला होता, गळ्यात हार, आणि घास तोंडात फिरत होता. त्याला लाज वाटली. शेजारी डोमाच आला, पानात बुंदी वाढली, म्हणाला, "जेव ना गा. लाजतं काहून?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच धनीराम राजीनामा लिहून डोमाच्या घरी गेला. मांडव उतरत होता. डोमा विहिरीपाशी भाताचे रिकामे गंज घासत बसला होता.

"हे घे," धनीराम म्हणाला. "आजच चंदाबाईले नेऊन देतो. तू आजपासून."

डोमाने हात धुतले नाहीत, कागदही घेतला नाही. "कायले?"

"पाळी हाये तुही. दहा महिने."

"मले दहा महिने कोठं पायजे होते, धनीराम?" डोमा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मले एक दिवस पायजे होता. तो काल होता."

आणि तो पुन्हा गंज घासायला लागला. धनीरामने जन्मभर औट घटकेचे राजे जमवले. ज्युलियानस अडुसष्ट दिवसांचा की सहासष्ट, ह्यावर पुतण्याशी फोनवर वाद घातले. पण एका दिवसाचा राजा त्याला कुठल्या लिलावात सापडला नव्हता. तो त्याच्या गल्लीत राहत होता, दरवर्षी नवे तांदूळ आणून देत होता, आणि त्याला तेवढाही एक दिवस धनीरामने मिळू दिला नाही.

चंदाबाईने राजीनामा वाचला आणि परत केला. बाकीच्यांच्या पाळ्या होऊन गेल्या होत्या, निवडणुकीच्या तोंडावर ती खुर्ची कोणालाच नको होती. "डोमाभाऊ घेत नाही म्हनते," ती म्हणाली. "दुसरा कोनी आना, मंग राजीनामा द्या. तवरक तुमीच राहा. तुमाले हौस हाये ना?"

म्हणजे आता निवडणुकीपर्यंत तोच. गावातल्या साऱ्या उपसरपंचांत सर्वांत लांब कारकीर्द धनीराम कापगतेची होणार होती.

घरी येऊन त्याने कपाट उघडलं. खोक्यात ज्युलियानसच्या शेजारी एक खळगा त्याने महिन्याभरापूर्वीच स्वतःसाठी कोरून ठेवला होता. खिशातलं पदक काढून त्याने तिथं बसवलं. माप बरोबर होतं. दोघेही हिरवे, दोघांचंही तोंड एकाच दिशेला. दिसायला शोभत होते. मग त्याने ते पदक नखाने उचकटून बाहेर काढलं.

परसात धुरपता पाटावर बसून लग्नाला दिलेली घरची भांडी घासत होती. शेजारी उकिरड्यातून काढलेली पोती. तिच्या पुढ्यात वाडग्यात चिंच कोळलेली.

"याचं काय करायचं?" तिने पोत्यांकडे मान करून विचारलं. काल दुपारपासून ती नवऱ्याशी पहिल्यांदा बोलत होती. "घासू का?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच हात लावायची परवानगी मागितली होती.

"घास," धनीराम म्हणाला, आणि हातातलं पदक आधी तिलाच दिलं.

धुरपताने चिंचेचा कोळ लावला, वर राख घेतली आणि अंगठ्याने चोळायला सुरुवात केली. हिरवं पाणी तिच्या बोटांतून गळून मोरीकडे गेलं. कपाळ निघालं, मग नाक, मग हनुवटी. दीड महिन्यांत चढलेली युगं दोन मिनिटांत उतरली आणि खाली धनीराम निघाला, कोरा करकरीत, कोणीही लांबून ओळखावा असा. तिने पदरात पुसून ते उन्हात धरलं.

"पाहा," ती म्हणाली. "आता दिसून राहिले तुमी."

धनीरामने मान दुसरीकडे वळवली. ती पुढचं पदक घासायला घेत होती, आणि पोती अजून भरलेली होती.